पडलेल्याला दिलेला हात

प्रिय वाझा,

तुझा रुसवा आता पुरे झाला. मामाच्या द्राक्षमळ्यात जाऊन बसलास त्याला वर्ष होत आलं. फोन केला की मामी सांगते, वाझा वेली बांधतोय. अरे, भर थंडीत कसल्या वेली बांधतोस? इकडे तेलावीत तुझ्या आखाड्याला कुलूप आहे आणि तुझी एलिसो माझ्या गळ्यात. पोरगी बारा वर्षांची, पण हट्ट थेट तुझा. एकट्या आत्याने कुठे कुठे पुरायचं?

माझे बॉक्सिंगचे वर्ग चालू आहेत. नव्या मुली आल्यात, सगळ्यांना रस्त्यावर स्वतःचं रक्षण करायचंय. पहिल्याच दिवशी मकवाला नावाच्या पोरीने विचारलं, मागून कुणी कमरेला विळखा घातला तर ठोसा कुठे मारायचा? मी म्हटलं, माझा भाऊ आला की दाखवेल. वाचून खूश झाला असशील, कारण जन्मभर तू हेच ऐकवत आलास, की माणूस अंगाला भिडला की तुझी मूठ काय कामाची? आणि मी म्हणायची, तू एकाला कवटाळून बसशील तेव्हा दुसरा काय टाळ्या वाजवत उभा राहील? आई वैतागून दोघांनाही ताटावरून उठवायची.

मग बसस्थानकावरची ती संध्याकाळ आली आणि आपण दोघेही तोंडावर आपटलो. माझी पर्स ओढणाऱ्याला मी उजव्या हाताने ठेवून दिली. त्याने नेमकी मान खाली घातली आणि माझी नुसती मूठ त्याच्या कवटीवर बसली. ग्लोव्ह्ज नाहीत, पट्टी नाही. हाड मोडलं ते माझंच. तो पळाला, एवढंच काय ते बॉक्सिंगचं यश. आता मी मुलींना सांगते, मारा तो निसटण्यापुरता, आणि मारला की पळा. तू मात्र त्याच्या जोडीदाराला कमरेवर घेऊन असा आपटलास, की दुखणारा हात विसरून मला तुझा अभिमान वाटला. आता पळायचं होतंस, नाहीतर त्याला दाबून तरी धरायचं होतंस. पण नाही. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते आणि जिंकणाऱ्याने पडलेल्याला हात देऊन उठवायचं, हे पोरं चालायला लागली की शिकतात. तू वाकलास आणि त्या गुंडापुढे हात केलास. त्याने एका हाताने तो धरला आणि दुसऱ्या हाताने चाकू चालवला.

वर्षभर मी यावरून धुमसते आहे. डॉक्टर म्हणाले, पंजाची पकड परत येणार नाही. मी तुला विचारलं, अकलेचा असा कसा रे कांदा तू? तू म्हणालास, हात आपोआप गेला. त्यानंतर तू आखाड्यात पाऊल टाकलं नाहीस. मी मात्र घरीदारी, जेवताना, भांडी घासताना तोच विषय उगाळत राहिले, आणि एलिसो ऐकत राहिली.

परवा रविवारी गावच्या जत्रेत ती मुलींच्या कुस्तीत उतरली. सनई-ढोल वाजत होते. तिने शेजारच्या गावच्या पोरीला तुझाच डाव टाकून चितपट केलं. लोकांनी एकच गलका केला आणि मग सगळे थांबले, ती हात देईल म्हणून. एलिसो दोन पावलं मागे सरली आणि तिने हात पाठीमागे बांधून घेतले. ढोल बंद पडला. ती पोरगी एकटीच उठली, मातीने भरलेली, रडत. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. मी एलिसोला बाजूला ओढून रागावले, असं वागतात का म्हणून. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबांनी दिला होता ना."

वाझा, जे मी वर्षभर ओरडत होते तेच तिने केलं, आणि मला ते बघवलं नाही. रस्ता वेगळा, आखाडा वेगळा, हे मी तिला सांगून पाहिलं. ती ऐकत नाही. माझं कशाला ऐकेल, चाकू माझ्या हातावर चालला नव्हता. हा फरक तिला पटवेल असा एकच माणूस आहे आणि तो वेली बांधत बसलाय. पकड नसली तर नसू दे. ये, एलिसोला घेऊन त्या पोरीच्या घरी जा, आणि दारात तुझा तोच हात आधी पुढे कर. तुझ्या लेकीला बघू दे.

तुझीच, वैतागलेली,
नाझी