परक्या गाड्या रस्त्यापलीकडे

हार्बर बीच, मिशिगन
८ ऑक्टोबर २०१८

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खुब्याची शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर म्हणाले, नवा सांधा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. मी म्हटलं, मग मी गेल्यावर काढून घ्या आणि दुसऱ्या कुणाला बसवा. ते हसले नाहीत. तू मात्र फोन करू नकोस. मला आता फोनमधून नुसती घरघर ऐकू येते, आणि तू ओरडतोस ते माझ्या कानांसाठी की रागाने, ते कळत नाही. कागदावर तू जरा शहाणा वाटतोस.

काम असं आहे. माझी वायंडॉट गाडी गेली. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ती खालून खाल्ली. गॅरेजमध्ये वर उचलली तेव्हा माझ्या पायांच्या जागेतून उजेड आला. गॅरेजवाल्याने किल्ली परत दिली नाही, आणि बरोबर केलं.

लिओ बॅड ॲक्स गावच्या शुश्रूषागृहातच आहे. मी त्याची बायको हे त्याला रोज आठवतंच असं नाही, पण दुपारचं जेवण तो माझ्याच हातून घेतो. नर्सने चमचा पुढे केला की ओठ मिटतो. शेजारची डेल्फीन आठवड्यातून दोनदा मला नेते. बाकीच्या दिवशी तो किती खातो हे मी विचारत नाही. विचारलं तर नर्स खरं सांगतील.

तेव्हा बर्फ पडायच्या आत मला गाडी हवी. तुमची लॅथम कंपनी पेन्शनरांना नातेवाइकांसाठी सवलतीचा नंबर देते तो पाठव, आणि कोणती घेऊ ते सांग. आधीची होती तशीच हवी. दार उघडायचं, पाठ करून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. मला आता एवढंच जमतं.

उत्तर लवकर यावं; शहाणपण त्यात बेताचं असावं.

तुझी,
बर्निस


फ्लिंट
१५ ऑक्टोबर २०१८

ति. बर्निसताईस,
सा. न. वि. वि.

नंबर सोबत आहे. गाडी नाही. लॅथमने वायंडॉट बंद केली. तू दवाखान्यात होतीस म्हणून कळवलं नाही.

मी त्या गाडीच्या सीट बसवण्यात आयुष्य घालवलं. तिची उंची ठरवताना इंजिनिअरने आपल्या आईला कारखान्यात आणलं होतं. बाई जाड कोट घालून दिवसभर बसली, उठली, बसली, उठली. शेवटी म्हणाली, ही माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीइतकी आहे, आता मला घरी सोडा. तीच उंची अखेरपर्यंत राहिली. आता त्या जागी ट्रकची पुढची जाळी बसवतात. जाळी एवढी मोठी की मागे शाळकरी पोर उभं असलं तरी दिसायचं नाही.

लॅथमच्या दुकानात आज काय आहे ते ऐक. समिट, समिट लाँग, ग्रँड समिट, सगळ्या ट्रकसारख्या उंच. हीच गाडी दुसऱ्या नावाने, चामडं लावून. हीच तिसऱ्या नावाने, नाकाला चांदी लावून. हॉटेलात एकच सूप तीन वाडग्यांत आणून तीन पदार्थ म्हणावेत तसं. एक दोन दारांची शर्यती गाडी आहे, ती चाळिशीत एकटं राहायला लागलेल्या पुरुषांसाठी. साधी चार दारांची गाडी नाही. दुसऱ्या कंपन्यांकडे जावं तर डिअरबॉर्नच्या मोटारकंपनीने वसंतातच सांगून टाकलं, घोड्याचं नाव असलेली एक सोडून बाकी मोटारी बंद.

दहा वर्षांपूर्वी हेच डेट्रॉइटचे मोटारवाले सरकारच्या दारात वाडगा घेऊन उभे होते. तेव्हा पेट्रोल चढलं होतं आणि ट्रक खपत नव्हते. शपथा घेतल्या, आता काटकसरीच्या लहान गाड्या करू. पेट्रोल उतरलं, शपथही उतरली. म्हणे लोकांना उंच गाड्याच हव्या आहेत. लोकांना म्हणजे कुणाला? तुला कुणी विचारलं?

मी शोधतो. तोवर शोरूममध्ये जाऊन बसून बघ. फक्त परदेशी गाडीचं नाव माझ्यापुढे काढू नकोस.

लिओला माझा नमस्कार. ओळखलं नाही तरी सांग.

तुझा,
क्लेम


हार्बर बीच
९ नोव्हेंबर २०१८

चि. क्लेम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून लॅथमच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या पोराने मला आधी समिट दाखवली. मी दारापाशी उभी राहिले तर सीट माझ्या बरगड्यांना लागली. त्याने आतून प्लास्टिकचं स्टूल आणलं. मी विचारलं, हे गाडीबरोबर मिळतं का. म्हणाला, वेगळं घ्यावं लागेल. मी विचारलं, आत बसल्यावर हे स्टूल बाहेरून कोण उचलणार. त्याने याचा विचार केला नव्हता. पोर चांगलं होतं. त्याने मला वर चढवून पुन्हा खाली उतरवलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि डेल्फीन तोंडावर रुमाल धरून कॅलेंडर वाचत होती.

येताना डेल्फीनच्या गाडीत बसले. पाठ केली, बसले, पाय आत घेतले. ती गाडी कुठली आहे ते तुला माहीत आहे. नाव काढत नाही.

लिओचा पट्टा आता आतल्या भोकावर आला आहे. बर्फ सुरू झालं की डेल्फीन गाडी बाहेर काढत नाही. तिने तसं आधीच सांगून ठेवलं आहे.

माया आहेच, घाई तू कर.

बर्निस


फ्लिंट
३ डिसेंबर २०१८

ति. बर्निसताईस,
सा. न. वि. वि.

मी टेप घेऊन फिरतो आहे. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांच्या शोरूममध्ये सीट मोजल्या. एका ठिकाणी मॅनेजरने विचारलं, आजोबा, पडदे शिवायचे आहेत का. मी त्याला विचारलं, तुझी आई काय चालवते. तो हळूच म्हणाला, तिने गाडी सोडली.

वायंडॉटच्या जवळ जाणारं एकच काही सापडलं, पण त्याचं छप्पर मागे इतकं उतरतं की आत जायला मान मोडून घ्यावी लागते. हे म्हणे वाऱ्यासाठी. वारा गाडी विकत घेतो का? नवीन विजेच्या गाडीबद्दल सगळे बोलतात. मी आत बसलो. खाली बॅटरी, म्हणून गाडीचा तळ वर, म्हणून गुडघे छातीशी. किंमत तुझ्या घराशी स्पर्धा करते.

डेल्फीनच्या गाडीचं मला सांगू नकोस. आपला बाप कारखान्याच्या संपात चव्वेचाळीस दिवस रस्त्यावर उभा राहिला, ते काय तू जपान्यांचं गिऱ्हाईक व्हावंस म्हणून? ऐंशीच्या दशकात त्यांच्या गाड्यांपायी कामं गेली आणि माझ्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर विक्रीची पाटी होती. तेव्हा आम्ही युनियन हॉलच्या दारात आपली पाटी लावली, परक्या गाड्या रस्त्यापलीकडे. दर वर्षी ती मीच रंगवतो. माझ्या बहिणीनेच तिकडे गाडी लावली तर मी ब्रश कुठल्या तोंडाने धरू?

मार्चपर्यंत थांब. कुणीतरी म्हातारा जाईल आणि त्याची जपलेली वायंडॉट विकायला निघेल. मी मृत्यूच्या बातम्या रोज वाचतो.

तुझा,
क्लेम


हार्बर बीच
२१ जानेवारी २०१९

चि. क्लेम,

आशीर्वाद मागाहून देईन.

तीन आठवडे मी लिओकडे गेले नाही. रस्ते बंद, डेल्फीन बंद. मागच्या आठवड्यातल्या शनिवारी रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या प्लाउवाल्याने मला आपल्या ट्रकमध्ये अक्षरशः पोत्यासारखं वर टाकलं आणि नेलं. लिओ खुर्चीत होता. त्याचं मनगट मी दोन बोटांत धरलं आणि बोटं एकमेकांना लागली. नर्स म्हणाली, आता पोटात अन्नाची नळी घालायची की नाही ते ठरवावं लागेल. मी त्याला सूप भरवलं. सगळं प्यायला. वाडगा हातात घेऊन आत बघितलं, संपलं का म्हणून.

आणि तू मला मार्चपर्यंत थांबायला सांगतोस. कुणीतरी मरायची वाट बघ म्हणतोस. इथे कोण आधी मरेल याचा हिशेब केलास का?

तुझा राग मला कळतो. लॅथमने तुला फसवलं आणि मलाही. पण राग तुझा, तो लॅथमवर, आणि दंड भरतो लिओ. त्याने तुझ्या कंपनीचं काय बिघडवलं होतं? चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि घरी तुम्हीच केलेली गाडी ठेवली.

मी डेल्फीनसारखी गाडी घेतली. रुपेरी आहे. विकणारा म्हणाला, ही ओहायोतल्या माणसांनी जोडली आहे. मी म्हटलं, चंद्रावर जोडली असली तरी चालेल, दार उघडा. बुधवारपासून रोज जाते.

मार्चमध्ये दर शुक्रवारी तुमच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं मासे-जेवण असतं, बाबांच्या स्मरणासाठी मी दर वर्षीप्रमाणे येणार आहे. लिओलाही आणेन. तुला काय वाटेल याचा विचार करून झाला आहे.

बर्निस


फ्लिंट
२८ जानेवारी २०१९

सौ. बर्निस तालास्की यांस,

पत्र पोचलं. लिओ जेवतो हे चांगलं आहे.

पाटी सगळ्यांना सारखी आहे.

क्लेमेंट सुसाला


हार्बर बीच
१७ मार्च २०१९

क्लेम,

शुक्रवारी आम्ही सुखरूप परत पोचलो. तू विचारलं नाहीस, तरी कळवते.

डेल्फीनला मी सांगितलं की अंधार पडत होता आणि तू मला ओळखलं नाहीस. खरं तर तू ओळखलंस. नारिंगी जाकीट घालून फाटकात उभा होतास. गाडी आली, तू काचेतून माझ्याकडे बघितलंस, आणि तुझा हात वर झाला. रस्त्यापलीकडे.

मी भांडले नाही. लिओ शेजारी होता. हॉलसमोरच्या बटाट्याच्या गोदामाच्या आवारात गाडी लावली. तिथे सगळा बर्फच होता. मी वॉकर काढला आणि दोघं रस्ता ओलांडून आलो. मी वॉकरला धरलेलं, लिओने माझ्या कोटाला. एका ठिकाणी त्याचा पाय घसरला. दोघंही पडलो असतो.

फाटकाशी आल्यावर लिओ थांबला. त्याने तुझ्याशी हात मिळवला. म्हणाला, थंडीत उभं राहून चांगलं काम करताय साहेब, आमची गाडी नीट लागली. मग मला विचारलं, याला काही द्यायचं का. तुझ्या लग्नात तुझा टाय त्याने बांधला होता, क्लेम.

आत त्याने मासे स्वतःच्या हाताने खाल्ले. तू आत आला नाहीस, म्हणून सांगते.

माझा स्वतःचा राग आहे. तो पुरेसा आहे, दुसऱ्याचा उसना नको.

बर्निस


फ्लिंट
२६ मार्च २०१९

ति. बर्निसताईस,
सा. न. वि. वि. विनंती खरोखरच आहे.

मी आत आलो नाही, कारण मी रस्त्यापलीकडे होतो. तू आयुष्यात कधी गाडीला कुलूप लावलं नाहीस. मी तुझ्या गाडीचं दार उघडलं आणि खिशातला टेप काढला. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. वायंडॉटची उंची. अगदी तीच. मी पाठ केली, बसलो, पाय आत घेतले आणि तिथे बराच वेळ बसून राहिलो.

ताई, ती आपली सीट आहे. त्या कोटवाल्या म्हातारीची. ती आपल्याजवळ होती. चालत होती, खपत होती, माणसं तिच्यात म्हातारी होत होती. आपल्या लोकांनी ती रस्त्यावर टाकली, कारण ट्रकमागे नफा जास्त, आणि दुसऱ्यांनी ती उचलून पुसून दुकानात ठेवली. आता त्यांना मी चोर म्हणू? टाकलेलं उचलणाऱ्याला चोर म्हणतात का? मी इतकी वर्षं चुकीच्या फाटकात उभा होतो. पाटी लॅथमच्या संचालकांच्या दारात लावायला हवी होती.

मागच्या आठवड्यात हॉलच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, ज्याला चालता येत नाही त्याची गाडी कुठलीही असो, ती दारात लागेल. आमच्या युनियनमधला स्टॅश म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी म्हटलं, स्टॅश, तुझी बायको तुझ्या समिटमध्ये कशी चढते ते सगळ्यांना सांग. तो म्हणाला, ती येतच नाही आता कुठे. तरीही मतदान झालं आणि मी हरलो. स्टॅशनेही विरोधातच हात वर केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पाटी तशीच आहे. यंदा ती मी रंगवणार नाही, पुढेही नाही. नारिंगी जाकीट खुंटीला लावून आलो.

येत्या शुक्रवारी लिओला घेऊन ये. फाटकात थांबू नकोस, सरळ गोदामाच्या आवारात ये. माझा ट्रक आता तिथेच उभा असतो. त्याच्या डावीकडची जागा तुझी. काल जाऊन बर्फ खरवडला, मीठ टाकलं, शुक्रवारी सकाळी पुन्हा टाकीन. मी तिथेच असेन. लिओने हात मिळवला आणि काही द्यायचं का विचारलं, तर देऊ दे. मी घेईन.

लोभ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असू द्यावा.

तुझा,
क्लेम