दुसऱ्यांदाही फस्स झालं

मंगळवार, खारघर. संध्याकाळचे साडेसात.

सही केली खरी, पण चैन पडत नाहीये.

आज महापेला कंपनीत एमआरआय मशीनची तार तपासली. द्रव हेलियममध्ये बुडवली की तिच्यातून वीज बिनअडथळा धावते. पण एखादी जागा जराशी तापली तर भोवतीच्या तांब्याने वीज आणि उष्णता दोन्ही सांभाळून घ्यायला हवं. नाही जमलं तर सगळी तार तापते, हेलियम उकळतं आणि फस्स होतं. पहिल्या वेळचं आम्ही धरत नाही. नवी तार बसायला वेळ घेते म्हणतात. ठीक आहे.

पण जेवणानंतर दुसऱ्यांदाही फस्स झालं. माझे वरिष्ठ कदम सर म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत मी तार हेलियममधून वर काढली होती गं, गरम झाली. म्हणजे हीपण पहिलीच वेळ." तिसऱ्यांदा नीट गेली. तार पास झाल्याच्या कागदावर सरांनी सही केली, खाली मी.

मग आता सरांचा डबा का आठवतोय? निघताना टेबलावर तसाच होता, रुमालाची गाठसुद्धा न सोडलेली. लक्ष ठेवायला कोणी नसेल तरच आम्ही तार वर काढतो. सर तर जेवायला उठलेच नव्हते. मग काढली कशाला? मुळात काढली तरी होती का?

त्या मशीनमध्ये कुणाची तरी आई झोपणार आहे.

शेवटी फोन केला. "सर, तुम्ही आज जेवला नाहीत ना?"

ते म्हणाले, "उद्या लवकर ये. तार न्यायला गाडी यायच्या आत माझीही सही खोडायची आहे."