लोहपंखाचा डावा खांदा

गुरुवार, ६ मार्च

उद्या ‘लोहपंख’चा नवा सिनेमा लागतोय, तोच उडणारा मुखवटेवाला वीर. नवा नट! वर्षभर चाहत्यांच्या गटात मी एकच घोशा लावलाय — हा माणूस चालायचा नाही. जबडा झकास, मान्य. पण जबड्याने उडता येत नाही! नणंद त्याच्या बाजूने. ती वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे भांडण जिन्यातही चालू असतं. “वहिनी, आधी बघ तरी!” बघणारच. शिव्या द्यायच्या तर तिकीट काढून द्याव्यात.

शनिवार, ८ मार्च

पाहिला. आता पंचाईत!

तोंड उघडलं की लाकूड. आई जाते त्या प्रसंगात याचा चेहरा बस चुकल्यासारखा. पण एकदा का मुखवटा चढला — अगं बाई! उडी घेण्याआधी डावा खांदा किंचित खाली येतो, मान तिकडे झुकते, आणि मग सगळं अंग कापसासारखं हलकं. जुनी दुखापत सांभाळणारा माणूस अगदी असाच उठतो. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे खांदे-गुडघे हलवतेय मी. फिजिओथेरपी करणारीच्या नजरेतून हे सुटायचं नाही. एवढा बारकावा या ठोकळ्याला शिकवला कुणी?

शेजारच्या खुर्चीत नणंद गालातल्या गालात हसत होती. म्हटलं, हसून घे.

रविवार, ९ मार्च

गटात लांबलचक लिहिलं. मथळा — ‘मुखवट्याखालचा नट’. चेहऱ्याला शून्य, खांद्याला पैकीच्या पैकी. चूक झाली तर कबूल करावी. अर्धीच कबूल केली. अर्धी पुरे.

सोमवार, १० मार्च

नऊ हजार लोकांनी वाचलं! एक म्हणतो, “ताई, तुम्ही पक्ष बदललात!” दुसरा — “सिनेमाला खांदा बघायला कोण जातं?” मी जाते!

बुधवार, १२ मार्च

खाजगी निरोप आलाय, अनोळखी माणसाचा. जसाच्या तसा उतरवते.

“तुम्ही ज्याला अभिनय म्हणालात तो अभिनय नाही. तो खांदा माझा आहे. दुखतो म्हणून खाली येतो. मुखवट्यातल्या उड्या मीच मारते.”

मारते! मारतो नाही — मारते! तीनदा वाचलं. एक काना काय गळला, लोहपंखाची बाई झाली!

गुरुवार, १३ मार्च

थाप असणार. तरी कळवलं — शनिवारी दुपारी हॉस्पिटलात या, खांदा दाखवा. चेहऱ्याला फसेन एकवेळ, खांद्याला नाही.

शनिवार, १५ मार्च

आली. बेचाळीस-त्रेचाळीसची, शिडशिडीत, केस बारीक कापलेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि ओळखलं. तीच चाल! मला हसू आवरेना, तिला कळेना ही बाई का हसतेय.

“तो आणि मी एकाच मापाचे,” म्हणाली. “कवच चढवलं की कोण ओळखतंय? करारात लिहिलंय, बाहेर सांगायचं नाही.” मग बाही वर करत, “बावीस वर्षं उड्या मारतेय. माझ्याबद्दल कुणी लिहिलं ते पहिल्यांदाच. तेही त्याच्या नावाने.”

मी मनात तिचं नाव ठेवलं उडीबाई.

मग खांदा पाहिला. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. दातओठ खाऊन म्हणते, “दुखत नाही.” हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकते. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एमआरआय काढायला धाडलं.

मंगळवार, १८ मार्च

स्नायू अर्ध्याहून जास्त फाटलाय. पुढच्या भागाचं शूटिंग सात एप्रिलपासून. आणि वर ऐका — दिग्दर्शकाने तिला सांगितलंय, “तो खांदा आणखी पाड, लोकांना फार आवडलाय!”

लोकांना म्हणजे मला. माझी बोटं छाटायला हवीत.

शुक्रवार, २१ मार्च

उडीबाई कागद घेऊन आली. शूटिंगसाठी तंदुरुस्तीचा दाखला. खाली माझ्या सहीची जागा.

“करा सही.”

“नाही करणार.”

“तुम्हीच लिहिलंत ना, असा खांदा पाहिला नाही?”

“म्हणूनच तो शाबूत राहिला पाहिजे. एक उडी चुकली तर केस विंचरायला दुसऱ्याचा हात लागेल.”

ती उठली. “खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं सोपं असतं हो.”

दार आपटलं नाही. हळूच लोटून घेतलं. तेच जास्त लागलं.

रविवार, २३ मार्च

नणंद चहाला खाली आली होती. “वहिनी, पुढच्या भागात तो म्हणे सगळ्या उड्या स्वतः मारणार!” मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. नवऱ्याने विचारलं, “आज भांडण नाही? तब्येत बरी आहे ना?”

गुरुवार, २७ मार्च

उडीबाईचा निरोप नाही. फोन दहादा पाहिला. गटात जुना नट बरा की नवा यावरून जुंपलीय, माझं नाव घेऊन बोलावताहेत. मन लागत नाही. मी बरोबर होते. बरोबर असून इतकं वाईट वाटतं का?

मंगळवार, १ एप्रिल

आली! न कळवता, दोन रुग्णांच्या मधेच.

“बाहेरच्या एका डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी हात न लावताच सही ठोकली. कागद घेऊन गाडीत बसले — आणि गिअर टाकता येईना. डावा हात उचलेचना. तिथेच बसून राहिले तासभर.”

तिथून ती थेट दिग्दर्शकाकडे गेली होती. सांगून टाकलं. उड्या बंद. तो आधी तडकला, मग म्हणाला, नव्या मुलींना तू शिकव. “आधी पडायला शिकवणार,” ती म्हणाली. “उडायचं नंतर बघू.”

ती रडली नाही. मीच रडले, तिच्या व्यायामाचा पिवळा रबरी पट्टा हातात धरून.

“आता हा ओढायचा, का याने तुमचे डोळे पुसायचे?”

आज पहिल्याच दिवशी दहादा ओढला. आठव्या खेपेला शिवी दिली. खांद्यासाठी चांगलं लक्षण आहे.

शनिवार, ५ एप्रिल

दुपारच्या खेळाला दोघी गेलो. तिने सिनेमा पाहिलाच नव्हता! गच्चीच्या कठड्यावरून लोहपंख उठतो, तिथे मी तिला कोपराने ढोसलं. “ही तुमची सगळ्यात भारी उडी!”

“मी नाही ती. त्या दिवशी तापाने फणफणले होते. तो आहे, स्वतः. आठ दिवस माझ्या मागे मागे चालला होता, खांदा कसा पडतो ते बघत.”

पुढच्या खेळाचं तिकीट काढून पुन्हा पाहिलं. डोळे ताणून पाहिलं. फरक ओळखता आला नाही. मला!