चैतरामभाऊंची ठासणीची बंदूक

५ ऑक्टोबर
आलो एकदाचे. चिचगडच्या पुढे, रानाला लागून गाव. माझी इथल्या शाळेत बदली झाली म्हणून नवऱ्याने, भूपेंद्रने तोंड वाकडं केलं होतं; त्याची नोकरी तिरोड्याला, तो आता दिवाळीलाच येणार. पण मला आणि चार वर्षांच्या टीनाला खोली जाम आवडली. मागचं दार उघडलं की थेट लोंब्या निसवलेलं धान. घरमालक चैतरामभाऊ मोजकं बोलतात, निर्मलाबाई दोघांच्या वाटचं बोलतात. ओसरीत खुंट्यांवर ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांसाठी, परवान्याची. टीनाला तिकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलंय.

८ ऑक्टोबर
त्या बंदुकीवरून नवरा-बायकोचं रोज वाजतं. बाईंचं म्हणणं, ठाण्यात जमा करून टाका, कायले ठेवून राहिले घरात. भाऊंचं म्हणणं, डुकरं धान खाऊन राहिले, भरपाई येईस्तोवर आमी काय खावाचं. मी अर्थातच बाईंच्या बाजूने. घरात बंदूक असली की कधीतरी घरातलंच माणूस मरतं, असं वर्गात बोलावं तसं सुनावलंसुद्धा. 

नंतर विहिरीवर बाईंनी सांगितलं. भाऊंचा धाकटा भाऊ मनिराम याच बंदुकीने गेला, भाऊंच्याच हातून, मागच्याच बांधीत, या धानाच्या खाचरात. भाऊंना तिथे डुक्कर दिसलं होतं. सुळ्यांसकट दिसलं, असं ते आजही शपथेवर सांगतात. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

१३ ऑक्टोबर
भरदुपारी बार उडाला. बाई आणि मी धावत गेलो तर बांधावर शेजारच्या उदारामचं वासरू पडलेलं. पांढरंशुभ्र. भाऊ म्हणत होते, काळं होतं, सुळे होते. आता ते बंदुकीला शिवणार नाहीत. सोमवारी ठाण्यात नेऊन देणार. बाई रडल्या. मलाही हायसं वाटलं.

१६ ऑक्टोबर
आज डुकरं आली. खरीखुरी, अख्खा कळप. अर्धी बांधी लोळवली, माझ्या मागच्या दाराशी माती उकरली. टीना तिथेच खेळत होती. तिला उचलून आत आणलं आणि दाराला कडी घातली.

संध्याकाळी मीच भाऊंच्या मागे लागले, बंदूक इतक्यात देऊ नका, भरून ठेवा. ते हात लावेनात. मग म्हटलं, मला भरायला शिकवा. खूप आढेवेढे घेऊन त्यांनी लांबूनच सांगितलं, दारू कशी ठासायची ते. लिहितानाही शरम वाटते आहे. पण बंदूक हातात आल्यावर मीच जाऊन दाराची कडी काढली.

२० ऑक्टोबर
काल सोमवार गेला. बंदूक दिली नाही. ती मांडीवर घेऊन मागच्या दारात बसते. शाळेत रजा टाकली. बाई म्हणाल्या, मॅडम, तुमीच त नको बोलून राहिल्या होत्या. बोलले होते. तेव्हा टीनाजवळ डुक्कर आलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर
विहिरीपाशी डुक्कर. एकटंच. काळं, पिवळे सुळे. मी घोडा ओढला, चाप दाबणार — आणि ते बाईमाणसासारखं किंचाळलं.

निर्मलाबाई होत्या. बादली टाकून पळाल्या. मला त्यांचा चेहरा दिसायला वेळ लागला. भाऊ खोटं बोलत नव्हते. बंदूक हातात असली की दिसतंच.

खाली ठेवायला हवी. ठेवते.

२३ ऑक्टोबर
ठेवली नाही. हात सुटत नाही. भाऊ हिसकायला आले तर नळी त्यांच्याकडे वळली — मी वळवली असेन —

बाई टीनाला उचलून उदारामच्या घरी घेऊन गेल्या. माझ्या लेकीला. तिला राखायलाच तर मी ही —

२४ ऑक्टोबर
दुपार. भाऊ पोलिसांना आणायला गेलेत. मी बाईंना फोन केला. सांगितलं, बंदूक भाऊंनी ठाण्यात नेली, मी बरी आहे, टीनाला आणा.

खोटं. मांडीवरच आहे. भरलेली.

बाई निघते म्हणाल्या. बांधावरून येतील.

धान हललं.

डुकरं. दोन. एक मोठं, एक पिल्लू. बांधावरच. टीनाच्या वाटेवर —

पिल्लू पुढे सुटलं. उड्या मारत, सरळ माझ्याकडे —

घोडा ओढलाय. टीना यायच्या आत एक तरी