पंचवीस सेंटिमीटर

२ फेब्रुवारी. सकाळी ६.४०
ओढ्यावरच्या पुलाला निधी मंजूर. एसटी पलीकडंच थांबते. पाणी आलं की आमच्या लेकीचं, अर्पिताचं, कळंबचं कॉलेज बुडतं. यंदा तिची बारावी. संकल्प: जूनच्या आत पूल. मी जातीनं लक्ष घालणार. मोटारींचं रिवायंडिंग करता करता विकासाच्या वित्तपुरवठ्यावर तीन जाडजूड रिपोर्ट वाचलेत, डिक्शनरी घेऊन. गावात दुसरं कोण आहे?

९ फेब्रुवारी
कागद पाहिले. किळस आली. ग्रामसभेच्या ठरावात रुंदी ४.५० मीटर, एस्टिमेटमध्ये ४.२५! ग्रामसेवक मल्लेश म्हणतो, दादा, पेनानं दुरुस्त करून सही मारतो की. पेनानं! देश असेच बुडतात. लेखी हरकत घेतली. सात पानं, मुद्दे एकतीस.

२६ फेब्रुवारी
सरपंच गिरिजाबाई घरी. म्हणाल्या, भाऊ, मार्चएंडच्या आत काम निघालं न्हाय तर पैसा परत जातो, लेकीकडं बघून तरी हरकत मागं घ्या. आमची शिवकांता चहा देता देता म्हणाली, कुणाला सांगताय, ह्यांनी लग्नात मांडवसुद्धा टेपनं मोजला होता, अक्षता तोवर थांबल्या. दोघी खिदळल्या. ही गावाची लेव्हल. मी समजावलं: चौकशी झालेला निधी वाढून येतो.

१५ मार्च
चौकशी लागली! इंजिनिअर टेपशिवाय आला. थू! माझी दिली. निष्कर्ष: ४.२५ बरोबर, ठरावात टायपिंगची चूक. म्हणजे माझाच मुद्दा. आता नवीन ग्रामसभा, नवीन ठराव. कोरमच भरेना. बेजबाबदार लोक.

१ एप्रिल
निधी परत गेला. पारावर सगळे माझ्याकडं बघतात, जसा काही मीच नेला. सडलेली सिस्टीम, सडलेलं गाव. अर्पिता दोन दिवस बोलली नाही. परीक्षेचं टेन्शन असेल, पण परीक्षा तर झाली.
नवीन योजना: पुलाचे रोखे. एक हजाराचा एक, व्याज ७.२५ टक्के. छापून आणले, दोनशे.

२० मे
रोखे खपले: एक. मीच घेतला, हजार रुपये डब्यात सील करून ठेवले. ट्रॅक्टरवाला गोरोबा म्हणतो, बब्रुवान, कागद नगं, दोन खेपा मुरूम टाकतो. बाकीचे लोकवर्गणी करून ओढ्यात टाकायला सिमेंटचे पाईप आणतायत, वर मुरमाची वाट करणार म्हणे. देणाऱ्याचं नाव देवळाच्या भोंग्यावर पुकारतात. धुरपदाबाईनं शेळी विकली, तर तीनदा पुकारलं. लाज वाटते. व्याज नसलेल्या पैशाला शिस्त नसते. मी एक रुपया देणार नाही.

१४ जून. सकाळी ७.१०
ओढ्याला पाणी. अर्पिता कॉम्प्युटर कोर्सचा फॉर्म भरायला पाईपांवरून पलीकडं गेली. एसटी मिळाली. मी रुंदी मोजली: ३.१०. कठडा नाही. हरकतीचे मुद्दे: एकोणीस.

१४ जून. दुपारी
भोंग्यावर माझं नाव. बब्रुवान मिस्त्री, रुपये एक हजार, हस्ते कुमारी अर्पिता. दोनदा पुकारलं.
धावत येऊन डबा उघडला. रिकामा. आत तिच्या अक्षरात पावती. रक्कम आकड्यात, अक्षरी, तारीख, सही. सगळं बरोबर.
हरकत घ्यायला जागा नाही.