पहारेकऱ्याला उठव

प्रिय सुकदेव,

फोनवर तू हसवत बसतोस आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून कागद घेतला. नवागाममध्ये सगळं ठीक आहे, कापडाच्या लूमचा खडखडाट तसाच. भाऊजी गावाकडं रमले का, असं तुझी चंचलवहिनी रोज विचारते.

तू मंडळासाठी लिहून दिलेलं नाटक या गणपतीतही केलं. मी तुझा तोच पहारेकरी. लेका, इतकी वर्षं झाली, मला एकदाही राजा केलं नाहीस! राजा झोपलेला, मी दारात उभा. मारेकरी मागून येणार, मी ओरडून पडणार आणि त्या ओरडण्यानं राजा जागा होणार. पुढचं सारं नाटक त्याचं, आणि मी पडद्याआड चहा पीत बसायचं.

यंदा आईला पहिल्यांदाच नाटकाला आणलं होतं. ती आता फार विसरते, पण मला ओळखते, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो. मारेकरी झालेला हितेश पत्र्याची तलवार घेऊन मागं आला, तोच आई उठून उभी राहिली. "आरं गणप्या, सर की बाजूला! मागून यायलाय बघ त्यो!"

सुकदेव, सगळा मांडव वळून आईकडं बघायला लागला. हितेशचा हात वरच्या वर थांबला. बिचारा माझ्याकडं बघत राहिला, काय करू म्हणून. जन्मदाती माउली सांगतेय, एक पाऊल सरलो की वाचलो, आणि माझे पाय हलेनात! मी सरलो तर राजा जागा कसा व्हायचा? तिकडं राजाही डोळे मिटून माझ्याच ओरडण्याची वाट बघत पडलेला. त्यालाही आपल्या मनानं उठता येत नव्हतं रे. आम्ही सगळे तू लिहिलंस तसेच. केवढं मोठं काहीतरी आपल्याला धरून उभं असतं, ते मला त्या एका क्षणात दिसलं. मग तलवार खाली आली आणि मी ओरडलो.

तोंडावरचा रंग धुऊन घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "माझा गणपत दारात पडला, गेला तो. तुम्ही कोण, बाबा?" तेव्हापासून मी पाहुणा आहे. ती मला आधी वाढते, पोटभर जेवा म्हणते, आणि जेवण झालं की विचारते, तुमची आई वाट बघत नसेल का? मी भांडलो, रडलो, लहानपणीचे फोटो दाखवले. काही उपयोग झाला नाही.

माघी गणेशजयंतीला पुन्हा प्रयोग आहे. पहारेकऱ्याला पडू दे, त्याशिवाय राजा जागा होणार नाही, हे मला कळतं. पण शेवटी राजा दारात येईल तेव्हा हा श्वास घेतोय असं त्याला दिसू दे, आणि राजानं हात देऊन त्याला उभं करू दे. तेवढ्या दोन ओळी लिही. मी आपल्या मनानं उठलो तर लोक हसतील, आणि आईला ते खरं वाटणार नाही. मला मरताना तिनं तुझ्या नाटकात पाहिलंय, उठतानाही तिथंच पाहू दे. ती पुढच्याच रांगेत बसेल.

तुझाच, अजून दारातच पडलेला,
गणपत