यंदा चढावर उतरायचं नाही

२ मार्च

तुटला! एकदाचा पट्टा तुटला. माझा भाऊ सिमियोनी सीलच्या शिकारीहून परत येत होता, गाव समोर दिसत होतं, आणि समुद्राच्या बर्फावर गाडी बसली ती बसलीच. चालत घरी आला, भुवया पांढऱ्याफेक, आणि दारातूनच ओरडला, "आजोबा, तुमची गाडी मेली!"

जाऊन बघून आले. स्नोमोबाइलच्या पट्ट्याचे रबरी दाते अर्धेअधिक कधीच गळून गेले होते, आता आतला दोराही उसवलाय. इंजिनचं तर बोलायलाच नको. दुरुस्तीत अर्थ नाही. नवीच घ्यायला हवी.

वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र झोप येईना — आनंदाने!

३ मार्च

ओटावाला शिकत होते तेव्हा घरचा फोन स्पीकरवर असला की रूममेट हसून लोळायची. तुझी आजी तुला नवरा का म्हणते? तुझा भाऊ तुला आजोबा का म्हणतो? समजावून समजावून थकले. आजोबा गेले, काही महिन्यांनी मी जन्मले, त्यांचं नाव मला मिळालं — नौलाक. आमच्याकडे नावाबरोबर माणूस येतो. झालं! यात हसण्यासारखं काय आहे?

म्हणून माझे वडील मला 'बाबा' म्हणतात. आई 'मामंजी' म्हणते, आणि भांडी मात्र मामंजींनाच घासायला लावते. आणि आजी — 'अहो'. मी तिला 'अगं' म्हणते. आजी हा शब्द फक्त या वहीत. तोंडावर कधीच नाही.

आज सगळे जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा खात बसलो होतो. आजीने सुरी खाली ठेवली.

"अहो, नवी गाडी घेताय म्हणे."

"हो गं."

"मग मला खिंडीपलीकडे न्याल?"

सगळ्यांना पुढचं पाठ आहे. खिंडीपलीकडच्या खाडीच्या काठी तिचा जन्म. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा खिंडीतल्या गोठलेल्या धबधब्यावर आजोबांची स्लेज ओढणारी कुत्री घसरायला लागली. आजोबा म्हणाले, "उतर." वडील तेव्हा पोटात. ती वाऱ्यात चढ चढून वर पोचली, तर नवरा चहा करून पीत बसलेला! पुढे आजोबांनी गाडी घेतली — तीही घसरली. "उतर." मग आजीने शपथ घेतली: न उतरता न्याल तेव्हाच येईन. आजोबा म्हणायचे, पुढच्या वेळी. पुढची वेळ यायच्या आत तेच गेले.

म्हणजे ती पुढची वेळ आता माझ्यावर आली.

"नेईन," मी म्हटलं. "न उतरता."

"तुम्ही असंच म्हणता," आजी म्हणाली, आणि पुन्हा मासा कापायला लागली.

६ मार्च

जहाज येणार उन्हाळ्यात, म्हणजे बर्फ संपल्यावर. तेव्हा गाडी मालाच्या विमानानेच मागवायची. दुकानातला जोआमी म्हणाला, "नीट ठरव. एकदा विमानात चढली की ती तुझीच. लग्नासारखं."

शाळेत शिकवून मिळणारा पगार पहिल्या दिवसापासून यासाठीच बाजूला ठेवतेय, तेव्हा निर्णय माझा आहे. पण मला तो सगळ्यांनी मिळून घ्यायला हवाय. माहिती घेऊन, विचार करून. घरातली पहिली पदवीधर काय नुसती भिंतीवर फोटो लावायला झाले?

सिमियोनीला अरुंद, लांब, उंच दात्यांचा पट्टा हवाय. त्याच्या मित्राकडे तसाच आहे. वसंतातल्या शर्यतीत त्याला त्या मित्रालाच हरवायचंय. मी रोज संध्याकाळी वाचतेय. उंच दात्यांचं कौतुक करणारे सगळे दक्षिणेकडचे. त्यांचा बर्फ पिठासारखा, कमरेपर्यंत. आमचा वाऱ्याने ठोकून काढलेला, करवतीने कापावा लागतो! पण खिंडीच्या तळाशी, मोठ्या दगडांच्या आडोशाला, भुसभुशीत बर्फही साठतो. त्यात रुतलो तर चढापर्यंत पोचणारच नाही. आणि वर धबधबा. निळा, नागडा बर्फ.

एकच पट्टा. दोन्हीकडे चालायला हवा.

सिमियोनी म्हणाला, "आजोबा, कॉलेजात पट्ट्याचा पेपर नव्हता का?"

९ मार्च

आज परीक्षा घेतली! विमानतळ खाली काठाशी, घरं वर. मधला चढ वाऱ्याने घासून काचेसारखा झालाय. शेजाऱ्यांच्या गाड्या मागून आणल्या. मागे स्लेज बांधली आणि तिच्यावर आजीच्या वजनाइतकी पिठाची पोती ठेवायला लागले, तोच आजी जाड, टोपीवाला पार्का चढवून, काठी टेकत हजर.

"नवऱ्याने बायकोला पिठाच्या भावात मोजलं! उतरवा ती पोती."

स्लेजवरच्या लाकडी खोक्यात कातड्यांवर जाऊन बसली.

सिमियोनीच्या मित्राची उंच दात्यांची गाडी आधी. आवाज असा की अख्खं गाव बाहेर. टणक बर्फावर ते लवचिक दाते वाकले, पट्टा जागच्या जागी गरगरला, इंजिन तापलं. आजी खोक्यातून म्हणाली, "पोरा, बस झालं. नुसता कंठ आहे तुझ्या गाडीला." मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग वडिलांच्या चुलतभावाची जुनी रुंद पट्ट्याची. आखूड, कडक दाते. खालच्या भुसभुशीत पट्टीवर ती बुडाली नाही, बदकासारखी तरंगली! अर्धा चढही चढली. मग निळा बर्फ लागला आणि आजीसकट हळूहळू मागे यायला लागली. आजी मात्र हात हलवत होती, लोक बघत होते म्हणून.

खाली आल्यावर म्हणाली, "उतरू का मग, अहो?"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. थंडीमुळे असेल.

१० मार्च

वर्गात घर्षण शिकवलं. आपल्या भाषेत! पुस्तकात उदाहरण मोटारीच्या टायरचं आहे, गावातल्या निम्म्या मुलांनी मोटार चढताना बघितलीच नाही. मी कालचा चढ फळ्यावर काढला. एवढी शांतता वर्गात कधी नव्हती. शेवटी मागून एक हात वर — "बाई, म्हणजे तुमची बायको नापास झाली का?"

"बायको नाही रे. पट्टा."

मधल्या सुट्टीत उत्तर आपोआप डोक्यात आलं. पट्टा रुंदच, दाते आखूड आणि कडक, आणि त्यांच्या मध्ये पोलादी खिळे. रुंदीने तळाशी तरंगायचं, खिळ्यांनी वर धरायचं. मुलांना सांगितलं तर म्हणाली, मग त्यात काय, आम्हाला माहीत होतं.

११ मार्च

सिमियोनी भडकला. खिळ्यांनी गाडी जड होते, शर्यतीत शेवटचा येईन, लोक हसतील.

वडील एरवी बोलत नाहीत. आज बोलले. "बाबांनी ठरवलंय ना? मग झालं." बाबा म्हणजे मी. मला इतकी लाज वाटली! मला असं जिंकायचं नव्हतं. मला त्याला पटवायचं होतं.

१२ मार्च

जोआमीला ऑर्डर सांगितली.

२३ मार्च

वादळ. विमान नाही.

२७ मार्च

अजून नाही. आजीला खोकला. दवाखान्यातल्या नर्सने प्रवास नको म्हटलं. आजी तिला म्हणाली, "तुझा नवरा कुठे नेतो का तुला? मग तुला काय कळणार."

सिमियोनीची बायको लीटिया आता वाकून बूटही घालू शकत नाही. पुढच्या महिन्यात तिला बाळंतपणासाठी विमानाने इकालुइटच्या इस्पितळात जावं लागेल. आज आजीने तिच्या पोटाला कान लावला. "आत ऊब आहे गं. मला जागा ठेव."

"आजी, असं नका ना बोलू," लीटिया म्हणाली.

"का? एवढी वर्षं हे नवरे होऊन मोठे, मी म्हातारी. पुढच्या वेळी मी लहान होते आणि यांना छळते."

मी म्हटलं, "आत्ता कमी छळतेस का?"

हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मग कोणीच हसलं नाही.

३१ मार्च

आली! लाल!

४ एप्रिल

शाळेतून आले तर पडवीत ड्रिलचा आवाज. सिमियोनी गाडी आडवी करून पट्ट्याला भोकं पाडतोय आणि खिळे बसवतोय. एकटाच. मोजून, खूण करून, इतकं नेटकं काम मी त्याचं कधी पाहिलं नाही.

"शर्यत?" मी विचारलं.

"शर्यत दर वर्षी असते." मान वर न करता. "मधल्या ओळीत जास्त मारतोय. चढताना धरतील. पण उतरताना स्लेज मागून अंगावर येईल, तिच्या खालच्या घसरपट्ट्यांवर साखळी टाकायला विसरू नका, आजोबा. तुमचं लक्ष सगळं चढाकडे."

खरंच विसरले होते. उताराचा विचारच केला नव्हता!

मी खिळे एकेक करून त्याच्या हातात देत राहिले. पटवायचं राहूनच गेलं होतं, आणि आता गरजही नव्हती.

१३ एप्रिल

निघालो. मी आणि मागे स्लेजवर आजी, वडील चुलतभावाच्या गाडीवर सामान घेऊन. सूर्य इतका की चष्म्याआडही डोळे मिटत होते. आजीचा खोकला बराच कमी. खोक्यात कॅरिबू हरणाच्या कातड्यात गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर. वाटेत प्रत्येक सुळक्याचं नाव ओरडून सांगत होती, आणि मला माहीत नसलं की — "तुम्हीच तर सांगितलं होतं मला!"

दगडांमधला भुसभुशीत भाग तरंगत पार केला. मग धबधबा समोर.

थांबले. उतरून पायाने चाचपला. निळा, गुळगुळीत, आत हवेचे बुडबुडे दिसत होते. तोंडात शब्द आला होता — उतर. खरंच आला होता. सुरक्षिततेसाठी, तिच्या वयासाठी, कशाकशासाठी. आजोबांच्याही तोंडात असाच आला असेल. वाईट मनाने नाही. भीतीने.

मागे वळून बघितलं. आजी माझ्याकडेच बघत होती. एकदाही टोमणा नाही! तेव्हा मला कळलं की तिलाही भीती वाटतेय.

"घट्ट धर गं," मी म्हटलं.

वेग धरला. खिळे लागले — करकर असा आवाज, दाताखाली वाळू आल्यासारखा. अर्ध्यावर गाडी एकदा बाजूला सरकली, पट्टा क्षणभर फिरला. मी पुढे वाकले. आणि धरलं! पुन्हा धरलं! मग आकाशच समोर, आणि सपाट.

इंजिन बंद केलं. काय शांतता. वडील खालून चालत येत होते, त्यांची गाडी अर्थातच घसरली होती.

आजीने खोक्यातून डोकं काढून चौफेर बघितलं.

"चहा कुठे आहे? मागच्या वेळी तयार होता."

"आत्ताच तर पोचलो आपण!"

"हं." तिने अंगावरची कातडी जरा सैल केली. "एकत्र पोचलं की चहाला थांबावं लागतं." मग हातमोजा काढून माझ्या गालाला हात लावला. "थांबू या."

१५ एप्रिल

तिच्या माहेरी आता तंबूसाठी रचलेल्या दगडांची वर्तुळं फक्त. एका वर्तुळात बसून तिने सगळ्यांना वाढलं. जे आहेत त्यांना आणि जे नाहीत त्यांनाही. वडिलांना त्यांची जन्माची जागा दाखवली. "पोरा, इथे रडलास पहिल्यांदा." वडील पुन्हा रडले.

उतरताना साखळी टाकली. स्लेज अंगावर आली नाही.

२ मे

आजी गेली. पहाटे, झोपेत, तिच्याच अंथरुणात. तिचं आसिवाक हे नाव आता कोणाचंच नाही.

५ मे

पुरून आलो. स्लेजवरूनच नेलं, लाल गाडी मी चालवली. लोक भेटायला येताहेत, पाव आणि सील आणताहेत, मला 'तुझी बायको चांगली होती' म्हणताहेत. मी मान हलवते.

घरात 'अहो' म्हणणारं कोणी उरलं नाही.

१९ मे

लीटिया इकालुइटहून आली. मुलगी! आईच्या पार्काच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत झोपलेली, नाक अगदी लाल. मी वाकले तर लीटिया म्हणाली, "आजोबा, ही आसिवाक." विमानतळावर सगळ्यांसमोर मी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. दोघींना स्लेजच्या खोक्यात बसवलं. चढ सध्या वितळून रात्री पुन्हा गोठतोय, आरशासारखा. सिमियोनी म्हणाला, "आजोबा, निसरडं आहे, आम्ही उतरून चालतो."

"तू उतर हवं तर," मी म्हटलं. "माझी बायको बसून येईल."